शुभाकाकूंचा डबा

आईला जाऊन सात आठवडे झाले आणि तिच्या ओट्यावर अजून नऊ डबे उरले आहेत. घर आवरायला मी अमेरिकेच्या एका टोकाच्या बेलव्ह्यूहून दुसऱ्या टोकाला, आयसेलिनला आले तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवसांत सगळं उरकेल. पण पहिल्या काही दिवसांत लोकांनी इतकं जेवण आणून दिलं की फ्रिजचं दार लागेना. तरुण मंडळी प्लास्टिकच्या डब्यांतून आणतात आणि "परत नको हं, फेकून द्या" म्हणून निघून जातात. जुनी माणसं मात्र अजून स्टीलचे डबे आणतात, तळाला नाव कोरलेले, आणि जाताना काहीच सांगत नाहीत, कारण डबा परत यायचा असतो हे सांगावं लागत नाही. तो रिकामा यायचा नसतो, हेही सांगावं लागत नाही. आईच्या घरात अपवाद नसलेला एवढा एकच नियम होता. म्हणून मी रोज सकाळी काहीतरी करते, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, एकदा नुसताच केळ्याचा केक. एक डबा भरते, पोचवते आणि परत येऊन एखाद-दोन परिच्छेद लिहिते. माझं मराठी आईने याच ओट्याशी बसवून शिकवलेलं आहे. ते हळू चालतं. सध्या मलाही घाई नाही.

उरलेल्या नवांपैकी एक डबा बाकीच्यांपेक्षा जुना आहे. झाकणावर लाल नेलपॉलिशने 'शुभा' असं लिहिलंय, आणि त्यातला उकार झिजून गेलाय. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्याच्याबद्दल आधी लिहायला हवं.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही. तिथे घरघंटी होती. लहान कपाटाएवढी, बदामी रंगाची, पुढे काचेची खिडकी असलेली पिठाची गिरणी. ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या कंटेनरमधून बाबांनी ती मुंबईहून समुद्रमार्गे आणवली होती आणि इथल्या विजेवर ती चालावी म्हणून तिच्या शेजारी एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर बसवला होता. आधी ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचा. मग आई बटण दाबायची, दाणे पडल्याची खडखड व्हायची आणि हळूहळू त्या खडखडीची एकसंध घरघर होई. शनिवारी सकाळी मी त्या आवाजानेच जागी होत असे. माझ्या खोलीची जमीन थरथरायची. ज्वारी, तांदूळ की हरभऱ्याची डाळ, हे आईला आवाजावरून कळायचं. काही वर्षांनी मलाही कळायला लागलं. लोक एडिसनहून यायचे, प्रिन्स्टनच्या बाजूने यायचे. दुकानातलं ज्वारीचं पीठ किती महिने पडून असे कोणास ठाऊक, त्याची भाकरी थापताना तुटायची. आईच्या दळणाची तुटत नसे. दिवाळीच्या आधी तर चकलीच्या भाजणीचे डबे ओळीने लागत आणि भाजलेल्या धन्या-जिऱ्याचा वास गॅरेजमधून जिन्याने वर, माझ्या शाळेच्या स्वेटरमध्येसुद्धा शिरायचा. मला तेव्हा त्या वासाची लाज वाटायची. आता मी गॅरेजचं दार मुद्दाम उघडं ठेवते.

आई एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायच्या विभागात होती. एक गोळी बाजारात जाण्याआधी तिचा जो कागदांचा गठ्ठा तयार होतो, तो ओळ न ओळ वाचायचं तिचं काम. एखाद्या चौकटीत सही राहिली असेल, वेळ लिहायची राहिली असेल, तर पूर्ण बॅच थांबायची. "औषध चांगलंच असेल गं," ती म्हणायची, "पण मला ते कागदावर दिसलं पाहिजे." बाबा यावर हसत. "तुझ्या आईने लग्नाआधी माझ्या पत्रिकेवरसुद्धा चार शेरे मारले होते."

तिला नागरिकत्व मिळालं आणि वर्षभरात, खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या ज्युरीसाठी कोर्टाचं बोलावणं आलं. बाबा म्हणाले, "कॅन्सल करून टाक. इंग्लिश येत नाही म्हणून लिही, सगळे तेच करतात." आई म्हणाली, "येतं की." तिने राखाडी कार्डिगन घातलं, डब्यात दोन थालीपिठं घेतली आणि गेली. संध्याकाळी आली ती निवड होऊनच. खटला खुनाचा होता.

हरीशभाई ओक ट्री रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानात काउंटरवर असत. आई त्यांना ओळखत नव्हती. बाहेरची मिठाई तिला चालत नसे, आणि कोर्टात विचारलं तेव्हा तिने तसं खरंच सांगितलं होतं. मी ओळखत होते. बाबा मला गुपचूप न्यायचे आणि हरीशभाई काचेवरून हात पुढे करून पेढा द्यायचे. "मम्मीको मत बोलना," एवढंच त्यांचं माझ्याशी बोलणं. खटल्याच्या आदल्या वर्षी, वसंतातल्या एका संध्याकाळी दुकान बंद करताना, मागच्या पार्किंगमध्ये, त्यांना कोणीतरी भोसकलं. काही दिवसांनी पोलिसांनी दुकानांना खोकी पोचवणाऱ्या एका तरुणाला पकडलं. तो गोरा होता की काळा की आणखी कोण, हे मी इथे लिहिणार नाही. त्या दिवसांत सगळे सगळ्यांत आधी तेच विचारत.

खटला पाच आठवडे चालला. आमच्यातले लोक आळीपाळीने कोर्टात जाऊन बसत आणि परत येऊन आईबद्दल सांगत, "वैजू ज्युरीच्या मागच्या रांगेत असते. टिकली लावून." त्यांना आधार वाटायचा. घरी मात्र आई एक अक्षर बोलत नसे. न्यायाधीशांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, तेवढं तिला पुरे होतं. बाबा जेवताना विचारत, "काय मग, आज काय झालं?" आई म्हणायची, "आज पाऊस होता."

निकाल एका मंगळवारी दुपारी अचानक आला. त्या वेळी आमच्यातलं कोणीच तिथे नव्हतं. निर्दोष. एकच साक्षीदार होता, त्याने तिन्हीसांजेला पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं होतं. कॅमेऱ्यात एक पाठ दिसत होती. जॅकेट होतं, पण तसली जॅकेटं अर्ध्या गावाकडे होती. हे सगळं मला नंतर वर्तमानपत्रातून कळलं. त्या आठवड्यात मला एवढंच कळलं की हरीशभाईंना मारणारा सुटला आणि सोडणाऱ्यांत माझी आई होती.

दुकानांच्या काचांवर हरीशभाईंचे फोटो लागले. मेणबत्त्या घेऊन लोक रस्त्यावर उभे राहिले, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे, हरीशभाईंच्या बायकोला धरून, शुभाकाकू होत्या. शुभाकाकू मूळच्या नागपूरच्या. आईची या देशातली पहिली मैत्रीण. मंडळात कुठलाही वाद त्यांच्याशिवाय सुरू होत नसे आणि मिटतही नसे. वर्तमानपत्रात रोज पत्रं येत होती. कोणी लिहायचं, ज्युरीने पुरावा बघितला आणि धैर्य दाखवलं. कोणी लिहायचं, मेलेला माणूस कोण होता यावर इथे न्याय ठरतो. माझ्या वर्गात सोशल स्टडीजच्या बाईंनी यावर चर्चा ठेवली. ज्युरी चुकली असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाल्या. माझी आई तिथे होती हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. मी हात वर केला. तो मला फार जड वाटला होता, पण मी तो खाली घेतला नाही.

त्या शनिवारी घरघंटी चालली नाही. पुढच्याही नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली, आणि गॅरेजमध्ये एक डबा नाही. आईने कॅलेंडरकडे बघितलं आणि आमच्यापुरती भाजणी भाजायला घेतली. फोनही थांबले. मला सकाळी उशिरापर्यंत झोप यायला लागली, कारण जमीन हलत नव्हती. आमच्याकडे पुन्हा कोणी येणारच नाही का, ही माझी तेव्हाची भीती होती. आणि तिच्याखाली आणखी एक होती: ते बरोबर असतील तर?

तिसऱ्या शनिवारी शुभाकाकूंची गाडी ड्राइव्हवेवर येऊन थांबली. त्या उतरल्या, पण इंजिन बंद केलं नाही. आई आणि मी गॅरेजमध्ये चिवड्याच्या दुसऱ्या खेपेसाठी पोहे चाळत होतो.

"डबा न्यायला आलेय," काकू म्हणाल्या. "ज्वारीचा, माझं नाव लिहिलेला. ऑगस्टपासून तुझ्याकडे पडलाय."

"आत ये की."

"नको. गाडी चालू आहे."

"मग बंद कर."

"वैजू, डबा दे फक्त."

आई आत गेली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग घरघंटीच्या काचेवरून बोट फिरवलं. "शाळा काय म्हणतेय?" "ठीक." "बारीक झालीस." तेवढ्यात आई रिकाम्या हाताने परत आली.

"चिवडा गार होतोय. पाच मिनिटं थांब."

"मला रिकामा चालेल."

"मला नाही चालणार."

इथे काकूंचा बांध फुटला. "हे सगळं बरोबर पाळता येतं ना तुला? बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं म्हणे. मग एकटी अडून बसली असतीस तर? गणपतीला समोसे ठेवायचे की बटाटेवडे, यावर दोन तास अडून बसली होतीस तू! सगळं मंडळ उपाशी! तिथे नाही बसता आलं?"

"अडून बसायला कारण लागतं, शुभा."

"हरीशभाई कारण नव्हते?" काकूंचा आवाज चिरकला. "मी नवीन होते, ड्राइव्ह करता येत नव्हतं, कडेवर पोर, आणि बर्फ पडायला लागला. दुकान तसंच टाकून तो माणूस मला घरापर्यंत सोडायला आला. तुला कुठून माहीत असणार? तुला बाहेरची मिठाई चालत नाही!"

आईने पुन्हा उचललेली चाळण खाली ठेवली. ती काही बोलणार एवढ्यात दुसरी गाडी आली. निळी, एका दाराला पोचा आलेली. तिच्यातून साठीच्या घरातली एक उंच, धिप्पाड अमेरिकन बाई उतरली. तिच्या हातात आमचा डबा होता, ज्यातून आई कोर्टात थालीपिठं न्यायची तो.

"व्हायजॅन्टी!" त्या बाईने आईच्या नावाचं असं काही केलं की काकू रागातही चपापल्या. बाई इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत लिहिते आहे. "मी लोरेन. कोर्टातली. डबा द्यायला आले. उशीर झाला, पण रिकामा द्यायचा नसतो असं हिनेच मला सांगितलं होतं, आणि ओव्हनमधला माझा पहिला फळांचा कॉब्लर जळला." मग तिने आमच्या तिघींचे चेहरे पाहिले. मिस लोरेन तीस वर्षं स्कूल बस चालवत होत्या. भांडण चाललंय हे त्यांना सांगावं लागत नसणार. "त्या निकालावरून चाललंय का?"

"आमचं आपसातलं आहे," काकू म्हणाल्या.

"मग हिच्यावर कशाला ओरडता? ही त्या खोलीत नव्हतीच."

"लोरेन, प्लीज," आई म्हणाली.

"का? गुपित आहे का? आम्ही चौदा जण ऐकायला बसलो होतो. ठरवतात बारा. दोन राखीव, कोणी आजारी पडलं तर असू द्यावेत म्हणून. कोण राखीव हे शेवटी चिठ्ठ्या काढून ठरवतात. एक माझी निघाली, एक हिची. ते बारा जण तीन दिवस वाद घालत होते आणि आम्ही दोघी बाजूच्या खोलीत बसून बोटीच्या चित्राचं कोडं जुळवत होतो. शिडाचा एक तुकडा नव्हताच त्यात. हिने मला थालीपीठ खायला घातलं. मत आम्हाला कोणी विचारलंच नाही."

बाहेर काकूंच्या गाडीचं इंजिन चालूच होतं. आईने सोडलं नाही. आई नव्हतीच! सोमवारी शाळेत जाऊन सांगावं, रस्त्यावर ओरडून सांगावं असं मला वाटलं.

"खरं आहे हे?" काकूंनी मराठीत विचारलं.

"खरं आहे."

"मग तीन आठवडे तोंड शिवलं होतंस का? लोक काय काय बोलतायत तुला! मी काय काय बोलले! एक फोन करून सांगायचं होतंस, 'शुभा, मी नव्हते गं.'"

"आणि मग?" आई म्हणाली. "मग तू विचारलं असतंस, 'त्या बारांत असतीस तर काय केलं असतंस?' शुभा, मी तेच केलं असतं. पाच आठवडे मी ते सगळं ओळ न ओळ ऐकलंय. त्यानेच मारलं असेल. नसेलही. मला माहीत नाही, आणि तेच तर विचारत होते, तुम्हाला माहीत आहे का. ज्या कागदावर चौकट रिकामी आहे त्यावर मी सही करत नाही. गोळीसाठी करत नाही, मग माणसाला जन्मभर आत ठेवायला कशी करू? चिठ्ठी निघाली म्हणून मी सुटले. पण त्या चिठ्ठीमागे लपून तुझ्याकडे चहा कसा पिऊ?"

मिस लोरेनना शब्द कळले नव्हते, पण त्यांनी मान हलवली. बाजूच्या खोलीत त्यांनी हे आधी ऐकलं असावं.

काकूंनी घरघंटीच्या काचेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला हे पटलेलं नाही."

"नको पटू दे."

"जन्मात पटणार नाही."

"बरं." आईने पदर खोचला. "भाजणी भाजलीस का यंदा?"

"भाजली."

"दळायला कुठे देणार?"

"पेनसिल्व्हेनियात कोणाकडे तरी घरघंटी आहे म्हणतात."

"त्या लोकांकडे फार बारीक निघतं. चकली तेलात विरघळेल."

"माहितीय मला." काकूंनी नाक पुसलं. "गाडीत आहे."

"काय?"

"भाजणी. गाडीत आहे. बघतेस काय, मनू, जा, घेऊन ये. आणि ते इंजिन बंद कर."

मी धावले. डिकीत दोन मोठे डबे होते, अजून कोमट, वर झाकणाला टॉवेल गुंडाळलेला. म्हणजे सकाळी उठून त्यांनी भाजणी भाजली होती आणि मग मैत्री तोडायला निघाल्या होत्या. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला, आईने बटण दाबलं, जमीन थरथरायला लागली. मिस लोरेन दोन्ही हात घरघंटीवर ठेवून लहान मुलीसारख्या हसल्या. पायरीवर बसून आम्ही कॉब्लर खाल्ला. काकू म्हणाल्या, "साखर जास्त आहे," आणि पुन्हा वाढून घेतला.

सगळे गेल्यावर, आई जाळी झटकत असताना मी तिला वर्गातलं सांगितलं. हात वर केल्याचं. तिने जाळी बाजूला ठेवली.

"दुसऱ्यांचे हात बघून वर केलास?"

"नाही. आधीच केला."

"तुला खरंच तसं वाटलं म्हणून?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पिठाने भरलेला तळवा माझ्या डोक्यावरून फिरवला. "केस धुवावे लागतील आता."

नंतरच्या आयुष्यात मला मोठमोठ्या सुटका मिळाल्या, आजारपणातून, एका लग्नातून. पण त्या संध्याकाळी केसांतून पीठ धुताना जे हलकं वाटलं होतं, तसं पुन्हा वाटलं नाही. आईला माझं मत चाललं होतं. ते तिच्याविरुद्ध होतं तरी चाललं होतं.

आई राखीव असल्याचं काकूंनी लोकांना सांगितलं, बाकीचंही सांगितलं, त्यांच्या पद्धतीने, मोठ्याने. हळूहळू डबे परत यायला लागले. दोन घरं कधीच आली नाहीत. त्या खुनासाठी पुढे कोणालाच शिक्षा झाली नाही. त्या दिवाळीत आईने हरीशभाईंच्या बायकोकडे फराळाचा डबा पाठवला, काकूंच्याच हाती. तो डबा परत आला नाही. आईने तो कधी मागितला नाही आणि त्याच्या जागी नवा घेतला नाही. फडताळात ती जागा अजून मोकळी आहे.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं. आज सकाळी शुभाकाकू स्वतःच आल्या, काठी टेकत. मुलगा गाडीत बसून होता. "सगळ्यांचे डबे पोचले, माझा नाही," दारातूनच म्हणाल्या. मी त्यात मेतकूट भरून ठेवलं होतं. त्यांनी झाकण काढलं, चिमूट जिभेवर ठेवली. "हिंग कमी पडलाय."

"हो, काकू."

त्या आईच्या खुर्चीवर बसल्या. ओट्याकडे, कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आणि ते पटलेलं नाही हं मला अजून. दर दिवाळीला तिला सांगत होते. यंदा कोणाला सांगू, म्हणून तुला सांगते."

"बरं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते अगदी आईसारखं निघालं. आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं.

"तुला पटतं?"

"कधी हो, कधी नाही. अजून ठरलेलं नाही."

"म्हातारी व्हायला आलीस, ठरव आता." त्यांनी माझा हात धरून स्वतःला उठवलं, आणि उठल्यावरही तो सोडला नाही. "यंदा तुझ्याकडे तळण नाही करायचं. घरात दिवाळी नाही. फराळ मी आणून देते. तू फक्त दळून दे. येतं ना दळता?"

"येतं की."

"मग बघतेस काय? गाडीत आहे."